एका खात्यावरच्या दोघी

धामणेवाडीत मगदुमांचं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर लोक रस्ता दाखवायच्या आधी म्हणत, “ते एका चुलीचं घर व्हय?” पंचगंगेकाठच्या त्या पट्ट्यात एव्हाना उसावर फवारणीला ड्रोन येत होते, दुधाचे टँकर विजेवर पळत होते आणि भावाभावांचे वीजमीटर तर केव्हाच वेगळे झाले होते. मगदुमांकडे मात्र दोन भाऊ आणि दोन जावा अजून दिवस मावळायच्या आत एका पंगतीला जेवत. याचं श्रेय सगळा गाव त्रिशलाअक्कांना देई, आणि अक्काही ते उगाच नको-नको न करता घेत.

अक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या, आणि गावातल्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन. धाकटी शीतल त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, सडपातळ, कमी बोलणारी. ती लग्न होऊन आली तेव्हा अक्कांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “आपल्यात तुझं-माझं नसतं बघ.” आणि खरंच नव्हतं. साड्यांचं कपाट एक, दागिन्यांचा डबा एक, गोठ्यातल्या सगळ्या म्हशींचं दूध एका कॅनमध्ये आणि संस्थेत ते एकाच खात्यावर. खातं अर्थातच अक्कांच्या नावावर. एखाद्या घरातल्या धाकट्या सुनेनं स्वतःचं खातं काढलं की तिथं आता वाटण्या होणार असं गाव समजे, आणि बहुतेक वेळा तसं होईही.

टोप्या आल्या त्या या संस्थेच्याच वाटेनं. त्यांचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. मधल्या तीन बोटांत घालायच्या पातळ, मऊ टोप्या आणि त्यांच्याशी बोलणारं एक हातात मावेल एवढं यंत्र. मुळात हे तंत्र दुभत्या जनावरांसाठी निघालं होतं. म्हशीच्या कासेला दगडी, म्हणजे कास सुजून कडक होण्याचा आजार, जडण्याआधीच ती बोटांना कळावी म्हणून संस्थेनं ते चार वर्षं वापरलं, आणि मग कुणाला तरी सुचलं की जनावराची एवढी काळजी घेतो, तर धार काढणारीची का घेऊ नये. स्तनाचा कर्करोग आता शहरातल्या बायकांचा राहिला नव्हता. लवकर सापडला तर तो बरा होतो हे सगळ्यांना पाठ होतं. तो लवकर सापडत नव्हता, एवढंच.

आरोग्यसेविका रुबीना मुल्ला हिनं संस्थेच्या खोलीत दार लावून बायकांना गोल बसवलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालंच, “म्हशी झाल्या, आता आमचा नंबर व्हय?” सगळ्या हसल्या. रुबीनाही हसली आणि मग तिनं टोप्या बोटांत चढवल्या.

त्या टोप्या कातडीखाली एक बारीक थरथराट सोडतात. मऊ जागेतून तो सावकाश जातो, घट्ट जागेतून वेगानं पळतो. तो कुठं किती वेगानं पळाला यावरून यंत्र आतल्या मऊ-घट्ट जागांचा नकाशा काढतं. पण एका नकाशाला काही अर्थ नसतो. कुणाची छाती मुळातच गाठाळ असते, कुणाची नसते. पाळीच्या आधी वेगळी लागते, नंतर वेगळी लागते. वय वाढलं की आणखी वेगळी. म्हणून यंत्र पहिले काही महिने त्या बाईची नुसती ओळख करून घेतं. तिच्यात दर महिन्याला किती चढउतार होणं साहजिक आहे ते शिकतं. त्यानंतर ते तिची तुलना फक्त तिच्याशीच करतं.

“म्हंजे हे गाठ शोधत न्हाई,” रुबीना म्हणाली. “बदल शोधतंय. पाळी सुरू झाली की आठवड्यानं तपासायचं. ज्यांची पाळी गेली त्यांनी महिन्याची एक तारीख धरायची. गळ्याच्या हाडापासनं पार काखेपर्यंत, आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल. आरशात बी बघायचं. खळी पडली काय, बोंड आत ओढलंय काय, त्यातनं पाणी-रक्त येतंय काय. बऱ्याचशा गाठी साध्याच असत्यात. पण कुठली साधी, हे आपण ठरवायचं न्हाई. ते डॉक्टर ठरवतील. टोप्या बी ठरवत न्हाईत.”

यंत्राला कॅमेरा नव्हता. नाव, चेहरा, बोटाचा ठसा, यातलं काहीही ते मागत नव्हतं. हे बायकांनीच भांडून करून घेतलं होतं. अंगाचा नकाशा कुणाच्या तरी नावानं फिरावा हे त्यांना पटणारं नव्हतं. यंत्राला माहीत होता तो फक्त संस्थेच्या खात्याचा नंबर.

टोप्या आणि यंत्र ठेवलेल्या पेट्या वाटून झाल्यावर रुबीनानं विचारलं, “अक्का, शीतलवैनींची पेटी?”

“दिलीस की एक.”

“ती तुमची. पेटी बाईला हाय, घराला न्हवं. पण खात्याशिवाय निघत न्हाई. तेवढं त्यांच्या नावानं खातं काढा, आत्ता देते.”

खोलीतल्या सगळ्या माना अक्कांकडे वळल्या. अक्कांनी पदर सारखा केला. “मगदुमांच्यात दोन खाती न्हाईत,” त्या म्हणाल्या. “हुतील तवा कळवीन.” बायका हसल्या. शीतलही हसली.

म्हणून टोप्याही सामाईक झाल्या. यात अक्कांना काही चुकीचं वाटलं नाही. उलट आपल्याला मिळालेली वस्तू आपण एकट्या वापरत नाही याचं समाधानच वाटलं. त्यांची पाळी गेलेली होती, त्या महिन्याच्या एका ठरावीक तारखेला तपासत. शीतल तिच्या दिवसांप्रमाणे तपासे. पेटी देवघराच्या फडताळात असे. यंत्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोले, त्यावरून अक्का त्याला ‘पुण्याची सून’ म्हणत. सुरुवातीला ते जरा गोंधळलं. “आपल्या ऊतींमध्ये बराच फरक आढळतो आहे. कृपया पुन्हा तपासणी करा,” असं दोघींनाही म्हणालं. मग हळूहळू त्याचं म्हणणं बंद झालं. दोघींना वाटलं, त्याला आपली सवय झाली.

सवय झालीच होती. एकच बाई आहे असं धरूनच ते बनवलेलं होतं, तेव्हा त्यानं एकच बाई मानली. तिची छाती कधी तरुण बाईसारखी घट्ट लागते, दोन आठवड्यांनी प्रौढ बाईसारखी सैल लागते, एवढे मोठे चढउतार होणं हाच या बाईचा स्वभाव आहे, असं ते शिकलं. आणि एवढे मोठे चढउतार ज्याला साहजिक वाटतात, त्याला एखादा लहान बदल दिसणार कसा?

तरीही वर्षाच्या आत इशारा आला. धोक्याची गोष्ट यंत्र तोंडानं कधी सांगत नसे. बंद खोलीत एकट्या बाईला असलं काही ऐकवू नये, म्हणून ती आधी आरोग्यसेविकेकडे जाई. रुबीना स्वतः घरी आली. पुढच्या सोप्यात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “अक्का, घाबरायचं न्हाई. तुमच्या खात्यावर डाव्या बाजूला, वर, काखेकडं एक बदल दिसतोय. मिरजेला जाऊन दाखवून येऊ.”

त्याच आठवड्यात दोघींनीही तपासलं होतं. पण ‘तुमच्या खात्यावर’ हे शब्द ऐकल्यावर अक्कांच्या मनात दुसरं कुणी आलंच नाही. त्या घरात जे काही नोंदलं जाई ते त्यांच्याच नावावर. सुख त्यांच्या नावावर होतं, आता दुःखही त्यांच्याच नावावर आलं, असं त्यांनी धरलं. दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. शीतलनं गोठ्याचं सगळं काम एकटीनं केलं.

मिरजेत डॉ. केतकी सोनवणे यांनी सगळ्या तपासण्या केल्या. हातानं पाहिलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. कुठेही काही नव्हतं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. “हे यंत्र सहसा इतकं चुकत नाही. तुम्ही एकट्याच वापरता ना ते?”

खरं सांगितलं तर नियम मोडल्याचं बाहेर पडणार, चेअरमनच नियम मोडते असं होणार, आणि वर धाकटीला वेगळं खातं का नाही याची चर्चा सुरू होणार. एवढा विचार अक्कांच्या मनात आला. शीतलचा आला नाही. “व्हय,” त्या म्हणाल्या, “एकटीच.”

मग डॉक्टरांनी यंत्राला कळवलं, की तपासणी झाली, ती जागा निर्धोक आहे. असं कळवायची पद्धतच होती, कारण यंत्र अशाच उत्तरांतून शहाणं होतं. ते आज्ञाधारकपणे शहाणं झालं. डाव्या बाजूची ती जागा त्यानं ‘जुनी, निर्धोक’ म्हणून लिहून ठेवली आणि तिच्याबद्दल पुन्हा बोंब मारायची नाही असं ठरवलं.

अक्कांनी संस्थेत पेढे वाटले. भरतनं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, मंदिरात अभिषेक ठेवला. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. संध्याकाळी धार काढताना शीतल हळूच म्हणाली, “अक्का, त्या आठवड्यात मी बी तपासलं हुतं. मी बी दावून येऊ काय एकदा?”

अक्का दोन दिवसांच्या भीतीनं थकल्या होत्या. त्यांना तो विषय आता नको होता. “आता कशाला? बघितलं न्हवं का मिरजेला? घरावरचं टळलं म्हणायचं आन् गप बसायचं.”

शीतल गप्प बसली. हे मला नेहमी नवलाचं वाटतं, की ती नुसती गप्प बसली नाही, तिला ते पटलंही. एकीला तपासून दुसरीचा आजार कसा टळेल, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडला नाही. खातं तपासलं होतं, खातं स्वच्छ निघालं होतं, आणि दोघी त्याच खात्यावर होत्या. ज्या घरात सगळंच सामाईक, तिथं निर्धोक असणंही त्यांना सामाईक वाटलं.

अक्कांनी मग टोप्यांना हात लावणंच सोडलं. डॉक्टरनी एवढं पाहिल्यावर आणखी काय पाहायचं, असं त्या म्हणत. शीतल मात्र दर महिन्याला न चुकता तपासत राहिली, आणि दर महिन्याला पुण्याची सून तिला सांगत राहिली, “जुनी जागा किंचित बदलली आहे. बदल आपल्या नेहमीच्या मर्यादेत आहे. चिंता नसावी.” तिच्या स्वतःच्या बोटांना तिथं काहीतरी कठीण लागत होतं. यंत्र बोटांपेक्षा शहाणं असणार असं तिनं धरलं.

पावसाळा गेला, उसाला तुरे आले. रुबीना संस्थेत भेटली तेव्हा अक्कांना रागावली. चेअरमनच तपासत नसेल तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणाली. अक्कांना ते लागलं. त्यांनी घरी येऊन फडताळातली पेटी काढली, खोलीत गेल्या, आणि शिकवल्याप्रमाणे हलकं, मग दाबून, मग खोल, असं सगळं नीट केलं.

यंत्र नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबलं. मग उजळ आवाजात म्हणालं, “आनंदाची गोष्ट आहे. डाव्या बाजूची जुनी जागा आज जाणवली नाही.”

अक्का पदर सावरत होत्या. हात तसाच राहिला. आपली जुनी जागा? आपल्याला कुठली जुनी जागा? मिरजेत डाव्या बाजूला काहीच सापडलं नव्हतं. जे कधी नव्हतं ते आज जाणवलं नाही, यात आनंदाची गोष्ट कोणती? आणि मग त्यांना कळलं. ती जागा होती. ती इतके महिने कुठल्या तरी अंगावर होती, यंत्र ती दर महिन्याला पाहत होतं, आणि त्या अंगाला ‘चिंता नसावी’ असं सांगत होतं.

त्या तशाच गोठ्यात गेल्या. शीतल वैरण टाकत होती.

“शीतल, तुला डावीकडं काय लागतंय काय?”

शीतलनं पेंढी खाली ठेवली. “लागतंय की.”

“कवापास्नं?”

“तुमी मिरजेला जाऊन आला न्हवं, त्याच्या आधीपास्नं. पण ते म्हणतंय जुनी जागा हाय. डॉक्टरनी बघितलीया, निर्धोक हाय.”

“डॉक्टरनी मला बघितलं गं बाई,” अक्का म्हणाल्या, आणि खाली बसल्या. शीतल त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं उजवा हात छातीवर ठेवला आणि तो तिथून बराच वेळ काढला नाही.

मिरजेला या वेळी अक्का, शीतल आणि शीतलचा नवरा महावीर असे तिघं गेले. महावीर टँकर चालवायचा. डॉ. सोनवणे यांनी तपासलं, सुईनं नमुना घेतला. अहवाल यायच्या आधीच अक्कांनी सांगून टाकलं, “डॉक्टर, मागं तुमी विचारलं तवा मी खोटं बोलले. टोप्या आमी दोघी वापरतो.”

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दोघींच्या तपासणीचे दिवस विचारून घेतले आणि खात्यावरचे सगळे नकाशे पडद्यावर मांडले. अक्कांचे एका बाजूला केले, शीतलचे एका बाजूला. एकात मिसळलेले होते तोवर ते नकाशे म्हणजे नुसता गोंधळ दिसत होता. वेगळे केले आणि पडद्यावर दोन बाया दिसू लागल्या. अक्कांचे सगळे नकाशे जवळजवळ सारखे होते. शीतलच्या नकाशांत डाव्या बाजूला, वर, एक ठिपका होता, आणि तो महिन्यामागून महिना ठळक होत गेला होता. तो दिसायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. महावीरनं मान खाली घातली.

अहवाल आला. कर्करोगच होता.

“मागं मी आले असते तर?” शीतलनं विचारलं.

डॉक्टरांनी खरं सांगितलं. “तेव्हा वाटाण्याएवढी गाठ असेल. लहान शस्त्रक्रियेत काम झालं असतं. आता काखेतल्या ग्रंथींपर्यंत गेलंय, म्हणजे तो स्तन काढावा लागेल, आणि केमो. पण शीतलताई, उशीर झाला म्हणजे संपलं असं नाही. या टप्प्यावर आलेल्या बहुतेक जणी पाच वर्षांनी मला चालत येऊन भेटतात. सगळ्या नाही, पण बहुतेक.”

बाहेर बाकावर महावीर पैसे भरायच्या खिडकीकडे गेल्यावर दोघी जावा शेजारी बसल्या. अक्कांनी शीतलचा हात धरायला हात पुढे केला. शीतलनं आपला हात मागे घेतला नाही आणि पुढेही केला नाही.

“इतकी वर्सं झाली,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हलका होता. “तुमच्या साड्या नेसले. तुमचे डागिने घातले. माझ्या माहेरनं आलेली म्हस बी तुमच्याच खात्यावर दूध घालत हुती. त्याचं मला काई न्हाई अक्का. पर ह्या घरात माझं म्हणून एकच निघालं, ही गाठ. आन् ती बी तुमच्या नावावर लिवून ठेवली.”

अक्कांना रडू येत होतं, पण आज रडायचं ते शीतलनं, आपण नव्हे, एवढं त्यांना उमजत होतं. त्यांनी हात मागे घेतला. “चुकलं माझं,” एवढंच त्या म्हणाल्या. शीतलनं ‘असू दे’ म्हटलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी अक्का गावी परत आल्या आणि थेट संस्थेत गेल्या. सकाळच्या दुधाची वेळ होती, बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. अक्कांनी रुबीनाला बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी काहीही न लपवता सांगितलं, अगदी डॉक्टरांना काय खोटं बोलल्या तेसुद्धा. मग म्हणाल्या, “आता मला सांगा, आनी कुणाच्या घरात एका पेटीवर दोघी हायत?”

मग भिंतीकडेला उभ्या असलेल्या एका तरुण सुनेनं हात वर केला. तिच्या सासूनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःचाही हात वर केला. पाठोपाठ आणखी हात आले. काही घरांत दोघी नव्हत्या, तिघी होत्या. एका घरात तर पाहुणी आलेली नणंदही तपासून गेली होती. रुबीना मटकन खुर्चीत बसली. जिल्ह्यात सगळ्यात निरोगी म्हणून ज्या गावाचं कौतुक झालं होतं, त्या गावातल्या निम्म्या नकाशांतली बाई प्रत्यक्षात कुठेच नव्हती.

ते सगळे नकाशे पुसावे लागले. मिरजेहून तपासणीची गाडी आली, आणि बायकांना एकेकीला, आपापल्या नावानं, आत बोलावलं गेलं. एका घरातल्या धाकट्या सुनेला अगदी लहान गाठ सापडली. लहान होती, म्हणून ती आठ दिवसांत घरी आली. ही बातमी अक्कांनी शीतलला सांगितली तेव्हा शीतल म्हणाली, “बरं झालं,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शीतलचं खातं काढायचं ठरवलं तेव्हा भरत अस्वस्थ झाला. “पेटी पायजे तर रुबीनाला सांगून घेऊ की कशीबी. खातं कशाला? लोक म्हणतील मगदुमांचं फुटलं.”

“म्हणू देत.”

“आजवर तूच सांभाळलंस हे घर.”

“घर सांभाळलं,” अक्का म्हणाल्या. “माणूस गमवत हुते.”

संस्थेच्या सचिव सुरेखानं नवीन सभासदाचं नाव टाइप केलं, शीतल महावीर मगदूम. तिला राहवलं नाही. “अक्का, म्हंजे वेगळं झालासा म्हणायचं?”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “वेगळी हाय ती. पहिल्यापास्नंच हुती.” शीतलच्या माहेरच्या म्हशीचं आणि तिच्या वाढून व्यालेल्या रेडीचं दूध त्या दिवसापासून दुसऱ्या कॅनमध्ये आलं. ते कॅन अक्का स्वतः उचलून आणत, कारण शीतलचा डावा हात अजून वर होत नव्हता.

केमो संपायला पुढचा पावसाळा उजाडला. शीतलचे केस गेले, भुवया गेल्या, पाळी थांबली. ती कधी पंगतीला यायची, कधी आपल्या खोलीत जेवायची. कुणी तिला का म्हणून विचारत नव्हतं. अक्का विचारायला तोंड उघडत आणि मिटत. ही सवय मोडणं त्यांना फार जड गेलं. डॉक्टरांनी उरलेली उजवी बाजू दर महिन्याला तपासायला सांगितली होती. पाळी नसल्यानं आता तारीख धरायची होती. कोणती, ते शीतलनं ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

तो दिवस कळला तो दारामुळे. एका दुपारी शीतल आपली नवी पेटी घेऊन खोलीत गेली आणि आतून कडी लावली. त्या घरात भरदिवसा कुणी कडी लावल्याचं अक्कांना आठवत नव्हतं. त्या सोप्यात गहू निवडत होत्या. निवडायचं थांबल्या, परत लागल्या. आत यंत्राचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. उठून दाराशी जावं असं त्यांना फार वाटलं. त्या बसून राहिल्या. मला वाटतं, अक्कांनी त्या घरासाठी जे जे केलं, त्यातलं हे सगळ्यात अवघड होतं.

कडी निघाली. शीतल बाहेर आली, डोक्याचा रुमाल नीट करत. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं आणि परत ताटात पाहिलं.

“इचारणार न्हाई?” शीतल म्हणाली.

“न्हाई. तुझं हाय ते.”

शीतल अक्कांच्या शेजारी खाली बसली आणि ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

“म्हणालं, तुमची मला अजून काहीच ओळख नाही. पुढच्या महिन्यात याच दिवशी या.”

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. या वेळी त्यांनी रडू लपवलं नाही.

“मला तरी कुठं हाय,” त्या म्हणाल्या. “मी बी येते मग पुढच्या महिन्यात. दाराभाईर बसंन. बोलवलंस तर आत यीन.”

शीतलनं मान हलवली, आणि दोघी गहू निवडत बसल्या.